जीटी न मारता काढलेलं घर

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. आणि विषय भरतकामाचा आहे म्हणून मुलांनी लगेच पान उलटू नये, यात मेकॅनिक्सपण आहे!

गेल्या मे महिन्यात आमचं कोकणातलं घर विकलं. आजी आता आमच्याकडेच असते. तिच्या खुर्चीसाठी नीडलपॉइंटची उशी करायची असं मी ठरवलं. म्हणजे जाळीदार कॅनव्हासवर लोकरीचा एकेक तिरका टाका घालत सगळी जागा भरून काढायची. याआधी मी तीन किट्स पूर्ण केलीत : गुलाब, मोर आणि एक स्विस घर. चार्ट, लोकर, सुई, सगळं एका पाकिटात. पण यावेळी मला आजीची पडवी हवी होती, झोपाळ्यासकट. त्याचं किट कुठल्या दुकानात मिळणार?

खरं सांगते, घाबरले. फर्स्ट इयरला काचेखाली दिवा लावून ड्रॉइंगच्या शीट्सची जीटी मारणाऱ्या मुलीला कोऱ्या ग्राफ पेपरची भीती वाटणारच. आपलं सगळंच तसं. जर्नल मागच्या बॅचचं, असाइनमेंट टॉपरची, काहींचं तर फायनल इयरचं प्रोजेक्टसुद्धा विकतचं. आणि वर आपणच म्हणतो, "माझ्यात क्रिएटिव्हिटीच नाही रे!"

माझं मत असं की आत्मविश्वास आधी येऊन दारात उभा राहत नाही. प्लॅनिंग करता करता तो हळूहळू येतो.

आधी मी पळवाट शोधली. फोटोवरून चार्ट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पडवीचा जुना फोटो टाकला. त्याने साठ शेड्स काढल्या आणि झोपाळ्याचा पार चिखल केला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आमच्या घरी महत्त्वाचं काय होतं ते! मग मीच सात रंग ठरवले आणि बाकीचं सोडून दिलं. काय सोडायचं हे ठरवणं म्हणजेच डिझाइन, हे तेव्हा कळलं.

मग हिशोब. १२ इंच उशी, इंचाला १२ टाके, म्हणजे १४४ गुणिले १४४ : २०,७३६ टाके. एका कोपऱ्यात नमुना करून पाहिला, तासाला साधारण २०० झाले. म्हणजे शंभरेक तास, रोज एक तास धरला तर जवळजवळ एक सेमिस्टर. आकडा मोठा आहे, पण आकडा कळला की भीती निम्मी होते.

नमुन्यात आणखी एक गंमत दिसली. सगळे टाके एकाच दिशेला तिरके ओढले की चौकोनी कॅनव्हासचा पॅरललोग्राम होतो. चक्क शिअर! म्हणून मोठ्या जागेत बास्केटवीव्ह घालायचा. त्यात मागच्या बाजूला धागे विणल्यासारखे उभे-आडवे जातात आणि कापड फारसं तिरकं होत नाही. मागच्या रंगाची लोकरही एकदमच घ्यायची, कारण रंगाचा घाणा बदलला की शेड बदलते. हे सगळं मला पुस्तकापेक्षा त्या दोन इंचाच्या तुकड्याने शिकवलं.

शेवटी चार्ट आजीला दाखवला. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "झोपाळ्याच्या कड्या पितळेच्या होत्या गं, काळ्या काय केल्यास? आणि कौलं अशी नाहीत. पावसात भिजल्यावर दिसतात ना, तशी कर." मग ती तासभर त्या पडवीबद्दलच बोलत होती. घर विकल्यापासून पहिल्यांदा.

मी खोडरबर घेतलं. किटमधल्या स्विस घरात कुणी एकही चूक काढली नव्हती. काढणार कोण? ते कुणाचंच नव्हतं.

आजीला आता सुई ओवता येत नाही, ते काम माझं. शेड मात्र तीच निवडते. तुम्हीही एकदा जीटीचा दिवा बंद करून बघा. चुकेल, उसवावं लागेल, पण जे होईल ते तुमचं असेल. पटतंय का?