हेवी ड्युटी क्लच टाकू का? आधी भाड्याची वही उघडा

पिकअप घेऊन धंद्यात उतरलेला नवा माणूस वर्ष-दीड वर्षात हमखास एक वाक्य बोलतो. "सर, क्लच गेला. आता हेवी ड्युटीच टाकतो, म्हणजे कटकट मिटली." माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्यापैकी बहुतेकांना त्याची गरज नाही. आणि हे स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा माणूस सांगतोय, ज्याला महाग सेटवर दोन पैसे जास्तच सुटतात.

क्लच काय करतो ते आधी बघा. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट क्लच प्लेटला दाबून धरते आणि त्या घट्ट पकडीतून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. हेवी ड्युटी सेटमध्ये हा दाब जास्त असतो, किंवा प्लेटवरचं फेसिंग जास्त उष्णता सहन करणारं असतं, कधी दोन्ही. म्हणजे जास्त ताकद न घसरता पुढे जाते.

आता प्रश्न असा, की तुमच्या इंजिनाची ताकद वाढलीय का? आपल्याकडच्या अडीच लिटरच्या डिझेल पिकअपचा टॉर्क साधारण २०० न्यूटन मीटरच्या आसपास. तुम्ही हौद्यात एक टन भरा नाहीतर दोन, इंजिन त्याच्यापेक्षा जास्त देऊच शकत नाही. कंपनीने दिलेला चांगल्या स्थितीतला क्लच तेवढं आरामात धरतो. अमेरिकेत लोक पिकअपचं इंजिन ट्यून करून टॉर्क खूप वाढवतात, तिथे मूळ क्लच खरोखर अपुरा पडतो. तिथले व्हिडिओ बघून इथे खर्च करू नका.

मग आपला क्लच जातो कशाने? घसरण्याने. गाडी उभी असते, इंजिन फिरत असतं, दोघांचा वेग जुळेपर्यंत प्लेट घासते आणि तापते. वजन जास्त तर घासणं जास्त वेळ. दुसऱ्या गिअरला गाडी उचलली तर अजून जास्त. चढावर ट्रॅफिकमध्ये ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली, तर प्लेट अक्षरशः भाजून निघते. तो जळका वास म्हणजे तुमचा नफाच जळतोय समजा.

बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवायचे तेव्हा फॅक्टरीचं उदाहरण असायचं. तेच इथे लावू. आकडे फक्त उदाहरणाचे, तुमच्या मेकॅनिककडून तुमचे घ्या. समजा साधा सेट मजुरीसकट १२,००० रुपये. गाडी दोन दिवस उभी, रोजचा नफा १,५०० धरला तर आणखी ३,०००. एकूण १५,०००. हा सेट ६०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला २५ पैसे पडले. हेवी ड्युटीचे तेच धरून २०,००० होत असतील, तर २५ पैशांवर राहायला तो किमान ८०,००० किलोमीटर चालला पाहिजे. त्याच्याही पुढे गेला तरच फायदा. उलट ड्रायव्हरची हाफ क्लचची सवय मोडली आणि साधाच सेट ८०,००० गेला, तर खर्च १९ पैशांच्या आत येतो. सवय मोडायला पैसे लागत नाहीत, रोज मागे लागावं मात्र लागतं.

हेवी ड्युटीचा खर्च कुणाला परवडतो? ज्याचा भरलेला माल रोज घाट चढतो त्याला. इथे लोक गफलत करतात. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजने कल्याण-वाशीकडे जाणारी गाडी भरलेली असताना घाट उतरते आणि बऱ्याचदा रिकामी चढते. क्लचला मोठा ताण कुठेच नाही. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला जाणारी गाडी मात्र भरलेली चढते. दोघेही म्हणणार "आमचं घाटाचं काम आहे". तसंच खाणीवरच्या कच्च्या रस्त्यावर किंवा गावभर पन्नास ठिकाणी थांबत माल टाकणाऱ्यालाही विचार करायला हरकत नाही. पण घ्यायचाच तर नावाजलेल्या कंपनीचा, नेहमीसारख्या फेसिंगचा आणि जास्त दाबाचा सेट घ्या. ट्रॅक्टरसारखी सिरॅमिक बटणांची प्लेट पिकअपला सहसा नको. ती पटकन पकडते, गाडी झटका देत उचलते, आणि तो झटका पुढे गिअरबॉक्स आणि जॉइंटला बसतो.

शिवाय जास्त दाब म्हणजे बऱ्याचदा पेडलही जड. दिवसभर शहरात गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचा गुडघा तुमच्या हिशेबात कुठे आहे? चांगला ड्रायव्हर सोडून गेला तर तो तोटा कुठल्या बिलात दिसत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर पुस्तिका वाचल्याशिवाय बाहेरचा सेट टाकूच नका.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत. ओव्हरलोड करता यावा म्हणून हेवी ड्युटी क्लच टाकणारे आहेत, मला येऊन सांगतातही. क्लच बदलल्याने ब्रेक, टायर आणि पाटे बदलत नाहीत. पासिंगचं वजनही तेवढंच राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० असा दंड आहे. एक टन जास्तीला २२,०००. वरच्या उदाहरणातला अख्खा हेवी ड्युटी सेट एका नाक्यावर गेला, आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. अशा भाड्याला "नाही" म्हणायला जड जातं, विशेषतः हप्ता डोक्यावर असताना, हे मला कळतं. तरी नाही म्हणा.

आणि क्लच खरंच गेलाय का, ते आधी तपासा. चढावर वरच्या गिअरला रेस दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर प्लेट घसरतेय. गिअर अडकत पडत असतील तर दोष मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरचा असू शकतो, तो थोडक्यात निघतो. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल गळून प्लेटवर आलं असेल, तर कितीही भारी सेट टाका, तोही घसरणार. म्हणून गिअरबॉक्स उतरवला की स्वतः समोर उभे राहा. सील बघा, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा खाचा असतील तर लेथवर फेसिंग करून घ्या, रिलीज बेअरिंग त्याच मजुरीत बदला. जुनी प्लेट मागून घ्या. आणि सेट बसवला त्या दिवशीचं मीटर रीडिंग वहीत लिहा, पुढच्या वेळी हिशेब तिथूनच सुरू होईल.