वर्गणीवरची जप्ती

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये संमत केले, तेव्हा वाद झाला तो ‘कडवी डावी विचारसरणी’ या शब्दांवर आणि तुरुंगवासाच्या शिक्षांवर. मालमत्तेसंबंधीची कलमे जवळजवळ अलक्षितच राहिली. बेकायदेशीर ठरविलेल्या संघटनेची जागा ताब्यात घेणे, सामान जप्त करणे, निधी सरकारजमा करणे, हे अधिकार त्यांत शासनाला दिलेले आहेत. आणि ‘बेकायदेशीर कृत्य’ या संज्ञेत सार्वजनिक सुव्यवस्थेला धोकाच नव्हे, तर प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेला उत्तेजन देणेही बसविले आहे!

भोसरी ते चाकण या पट्ट्यात याचा अर्थ काय होतो? कंत्राटी कामगारांच्या युनियनची दौलत ती केवढी! वर्गणीतून साठलेली बँकेतली शिल्लक आणि भाड्याची एखादी खोली. संप म्हणजे अखेर कोण किती दिवस टिकतो याचा हिशेब. मालकापाशी गंगाजळी असते, कामगारापाशी हा फंड. 1989 च्या सप्टेंबरात शनिवारवाड्यापाशी उपोषणास बसलेल्या टेल्को कामगारांना उचलण्यासाठी रात्री पोलीसफाटा आणावा लागला होता; ते साऱ्या पुण्याने पाहिले. संघटना बेकायदेशीर ठरली की तिच्या फंडाला मात्र एक आदेश पुरेल.

सल्लागार मंडळ आहे ना, असे सत्ताधारी सांगतात. मद्रास सरकारनेही तेच सांगितले होते. ब्रिटिशांच्या 1908 च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात त्या सरकारने 1950 साली अशाच मंडळाची सोय केली. असे मंडळ न्यायालयीन चौकशीची जागा घेऊ शकत नाही, हे व्ही. जी. राव खटल्यात स्पष्ट करून सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली.

गडचिरोलीतल्या बंदुकीचे समर्थन कोणी समाजवादी करणार नाही. पण तिच्यासाठी 1967 चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आहेच. निधीचा वापर रोखण्याची तरतूदही त्याच्या 7 व्या कलमात आहे. मग हे नवे हत्यार कोणासाठी?

शासनाला बँक खात्यांना हात घालण्याची एवढी हौस असेल, तर भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यातले वसुलीचे कलम हाताशी आहे. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे न भरणाऱ्या ठेकेदाराची थकबाकी त्याखाली थेट त्याच्या बँकेतून वसूल करता येते. चाकणच्या किती ठेकेदारांवर हे कलम चालविले, याची माहिती आपल्या कार्यकर्त्यांनी निधी कार्यालयाकडे लेखी मागावी आणि तो आकडा कारखान्यांच्या फाटकांवर वाचून दाखवावा.