दुष्काळ शहरापर्यंत येतो तेव्हा

उत्तर कर्नाटकात त्याला 'गुळे' म्हणतात. पेरणी वाया गेली की रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडची माणसे घराला कुलूप लावतात, मूल आजीच्या हवाली करतात आणि बंगळुरूची बस धरतात. तिथे मेस्त्री सांगेल त्या इमारतीच्या आवारात पत्र्याची खोपी मिळते. नवरा सेंट्रिंगवर, बायको विटा-वाळू वाहायला. बीड-सोलापूरच्या वाचकांना हे चित्र परके नाही; तिकडे कोयता, इकडे घमेले.

हे स्थलांतर जुनेच आहे; नवा आहे तो पावसाचा लहरीपणा. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ साली झाला. त्या वर्षी कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. दोष एकट्या हवामानबदलाचा नव्हे, एल निनोही होता. पण तापलेल्या हवेत जमिनीची ओल लवकर उडते, पावसात मोठे खंड पडतात आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. कोरडवाहू शेतकऱ्याला हे दोन्ही मारक.

मात्र ज्या पावसाने गाव सोडायला लावले, त्यानेच शहरालाही कोरडे केले. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूतील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० आटल्या. कावेरीचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून आणावे लागते आणि ते बाहेरच्या वस्त्यांत सगळीकडे पोचलेले नव्हते. टँकरचे दर सरकारला बांधून द्यावे लागले. गाडी धुण्यास, बागेस आणि बांधकामास पिण्याचे पाणी वापरल्यास पाच हजारांचा दंड ठरला.

फ्लॅटमधील कुटुंबाने पदरमोड करून टँकर मागवला. काही संगणक अभियंते घरून काम करण्याची सवलत घेऊन आपल्या गावी गेले. खोपीतल्या बाईला मात्र ती वाट नव्हती. तिच्या गावी पाणी असते, तर ती आलीच कशाला असती?

जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत जगात २१ कोटी ६० लाखांपर्यंत माणसांना हवामानामुळे आपल्याच देशात घर हलवावे लागू शकते. म्हणजे ही माणसे सीमा ओलांडणार नाहीत. ती जवळच्या शहरात, आपल्या शेजारी येतील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. रोज साडेसत्त्याहत्तर कोटी लिटर पाण्याची ही भर मोठीच. पण कावेरीही पावसावरच भरते. म्हणून उपाय दोन्ही टोकांना हवेत. गावात पाणी अडवणे आणि उन्हाळ्यात हाताला काम देणे: १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमीचा हा धडा शिकवला. शहरात तळी राखणे, छपरावरचे पाणी जिरवणे आणि आलेल्या मजुराला माणूस म्हणून जागा देणे.

१९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यापासून पिण्याचे पाणी, शौचालय आणि पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर ही मालकाची जबाबदारी मानली गेली आहे. नवे घर घेताना आपण फरशी, नळ, पार्किंग सारे पारखून घेतो. ते घर बांधणाऱ्या बाईला प्यायला पाणी आणि तिच्या लेकराला सावली आहे का, हेही बिल्डरला विचारावे. विचारणारी गिऱ्हाइके वाढली, तर उत्तर द्यावेच लागेल.