‘असिस्टंट’चं नाव कुठल्या रजिस्टरात?

बारावीचा निकाल लागला की आमच्या जवळा बाजारात मोबाइलवर एक पोस्टर फिरायला लागतं. ‘सहा महिन्यांत फिजिओथेरपी असिस्टंट व्हा, नोकरीची हमी!’ नीटमध्ये मार्क कमी पडलेले, नर्सिंगला नंबर लागलेला नाही आणि सोयाबीनच्या पैशांतून फी भरायची घरच्यांची तयारी, अशा घरात हे पोस्टर जरा जास्तच वेळ बघितलं जातं. परवा शेजारच्या मुलीने तेच मला पाठवून विचारलं, “ताई, हे केल्यावर लायसन्स मिळतं का?”

फिजिओथेरपीची शेवटची मोठी बातमी आठवते? ती होती ‘डॉ.’वरून. ९ सप्टेंबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. चॅनलवर वाद रंगले, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्याच खोलीत पेशंटचा पाय धरून उभ्या असलेल्या असिस्टंटबद्दल मात्र कुणी बोललं नाही.

कायदा काय म्हणतो? २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. अंमलबजावणी इतकी रखडली की ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. या कायद्यात ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’ म्हणजे टेक्निशियन, सहायक वगैरे. त्यासाठी किमान २००० तासांचं शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत. आता पोस्टरचा हिशेब करू. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस, २६ आठवडे. झाले ६२४ तास. एकही सुट्टी न घेता!

आणि तास भरले तरी पुढची अडचण आहेच. कायद्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपीखाली नाव आहे ते फिजिओथेरपिस्टचं. असिस्टंटची वेगळी ओळ नाही. आपल्या राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, ती नोंदणी करते पदवीधर थेरपिस्टची. म्हणजे सर्टिफिकेट मिळेल, नोकरीही लागेल कदाचित, पण लायसन्स नाही.

अमेरिकेत असिस्टंटची पहिली बॅच १९६९ मध्ये बाहेर पडली. आज तिथे दोन वर्षांचा मान्यताप्राप्त कोर्स, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. पेशंटची पहिली तपासणी करून उपचार ठरवायचे ते थेरपिस्टने. असिस्टंट त्याच्या देखरेखीखाली व्यायाम करून घेतो. कुठे थांबायचं, हे त्याला शिकवलेलं असतं.

ते थांबणं महत्त्वाचं का, तर लकवा झालेल्या माणसाला उठवताना त्याचा लुळा हात ओढला तर खांद्याला कायमचं दुखणं लागू शकतं. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर शेकताना कातडी भाजते आणि पेशंटला कळतही नाही. पोटरी अचानक सुजली असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, तिथे मालिश करायची नसते. आपल्याकडे मालिश सगळ्यांनाच येते, हा भाग वेगळा!

गरज नाही असं म्हणायची तर सोयच नाही. लकवा झालेल्या आजोबांना व्यायाम रोज लागतो आणि इथून हिंगोली किंवा परभणीला रोज नेणं कुणाला परवडतं? गावात राहणारा, नीट शिकलेला, थेरपिस्टशी जोडलेला असिस्टंट इथे खरंच हवा आहे. अनुसूचीत बदल करायचा अधिकार केंद्राला कायद्यानेच दिलाय. आयोगाशी सल्लामसलत करून ही एक ओळ वाढवता येईल. दोन वर्षांचा डिप्लोमा, त्यात हॉस्पिटलमधले तास, शेवटी एकच परीक्षा आणि नोंदणी. ‘डॉ.’साठी जेवढा जोर लागला त्याच्या निम्मा तरी इथे लावायला काय हरकत आहे?

शेजारच्या मुलीला मी एवढंच सांगितलं की आधी फोन करून तीन गोष्टी विचार. एकूण तास किती, प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलमध्ये आणि नोंदणी कुठल्या परिषदेकडे. तिने स्पीकरवर टाकून विचारलं. पलीकडचे सर म्हणाले, “मॅडम, सर्टिफिकेट ऑल इंडिया चालतं. आज अ‍ॅडमिशन घेतलं तर फीमध्ये डिस्काउंट आहे.”

तिने परत विचारलं, “सर, परिषद कोणती?”

फोन कट झाला.