व्हिसाची फाइल तयार, मुलाची तयारी कुठे?

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की दिल्लीत शिवाजी स्टेडियम मेट्रो स्थानकातल्या व्हिसा अर्ज केंद्रात कुटुंबांची गर्दी वाढते. प्रत्येकाच्या फायलीत बँकेचे स्टेटमेंट, हॉटेलचे बुकिंग, तिकिटे, ठरलेल्या मापाचे फोटो जागच्या जागी असतात. शेंगेन व्हिसा हवा असेल तर किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमाही असतो, कारण त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हे स्थानक ज्या बाबा खडकसिंग मार्गावर आहे, त्याच मार्गावरच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात पीतज्वराची लस मिळते. आफ्रिकेतल्या सफारीला निघालेले लोक ती न चुकता घेतात, कारण पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परतलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. थोडक्यात, खिडकीपलीकडून कोणी कागद मागितला तर आपली तयारी चोख असते. मात्र मुलाच्या वयाला, वजनाला आणि त्याच्या जुन्या दुखण्याला काय लागेल, हे कोणतीच खिडकी विचारत नाही, म्हणून ते आपणही विचारत नाही. हा क्रम उलटा करायला हवा. प्रवासाची आखणी बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातून सुरू व्हावी आणि व्हिसाची रांग त्यानंतर यावी.

गोवराचेच पाहा. अमेरिका किंवा कॅनडाच्या व्हिसासाठी पर्यटकाला गोवराच्या लसीचा दाखला द्यावा लागत नाही. पण 2025 साली अमेरिकेत गोवराचे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, 1992 नंतरचा हा उच्चांक, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान मिळतो. म्हणजे आठ महिन्यांचे बाळ आजी-आजोबांसोबत न्यू जर्सीला निघाले, तर त्याला गोवराविरुद्ध लसीचे काहीही संरक्षण नाही. अशा सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना प्रवासाआधी एक जादा डोस द्यावा, असा सल्ला अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी देते. हा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरला जात नाही. रेबीजचीही गत तीच. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्ली आणि एनसीआरमधल्या सोसायट्या भटक्या कुत्र्यांवरून महिनाभर भांडत होत्या. तेच पालक बालीला गेल्यावर मुलांना माकडांसोबत फोटो काढायला उभे करतात. बालीत 2008 पासून रेबीज आहे. चाव्याची किंवा ओरखड्याची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, हे साधे ज्ञान सोबत नेले तर जीव वाचतो. लहान मूल मात्र रागावतील या भीतीने ओरखडा लपवते, हे पालकांनी गृहीतच धरायला हवे.

आता औषधांची पिशवी उघडू. दहा किलोच्या बाळाला तापात साधारण 150 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लागते. आपल्याकडच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे दीड मिलिलिटर पुरते. सिरप मात्र कुठे पाच मिलिलिटरला 120 मिलिग्रॅमचे, कुठे 250 चे आणि अमेरिकेत 160 चे. रात्री दोन वाजता हॉटेलच्या खोलीत ‘नेहमीचा एक चमचा’ म्हणून ड्रॉप्स पाजले, तर पाच मिलिलिटरमधून 500 मिलिग्रॅम पोटात जाते, गरजेच्या तिपटीहून जास्त. म्हणून मुलाचे ताजे वजन, औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅममधला डोस लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टइतकीच महत्त्वाची. खोकल्याच्या बाटल्या भरून नेण्याची सवय तर सोडायलाच हवी. छिंदवाड्यात विषारी सिरपने लहान मुलांचे बळी घेतल्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे बजावले. त्याच महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ छापायला बंदी घातली. जुलाबात मुलाला हवी असते ती जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी, तीही पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवलेली. एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात ढवळली तर फायद्याऐवजी अपाय होतो.

यावर पहिला आक्षेप असा की सिंगापूर, दुबई, लंडनची रुग्णालये आपल्यापेक्षा सरस आहेत, मग एवढा घोर कशाला? रुग्णालये चांगली आहेत हे खरे, पण परक्यासाठी ती स्वस्त नाहीत. ब्रिटनमध्ये पर्यटकाला रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या दराच्या दीडपट बिल लागते. विमा आहे म्हणून निश्चिंत राहावे, तर अनेक पॉलिसींत जुन्या आजाराचा खर्च वगळलेला असतो. नोव्हेंबरच्या धुरक्यात श्वास लागणाऱ्या, इन्हेलरवर असलेल्या दिल्लीच्या मुलाच्या बाबतीत हे कलम कळीचे ठरते. अर्जात दमा लपवून हप्ता थोडा वाचवणारे घर पुढे दावा नाकारला जाण्याची सोय स्वतःच करून ठेवते. दुसरा आक्षेप खर्चाचा: टायफॉइड, हिपॅटायटिस ए, फ्लू या लसी बहुतेक ठिकाणी पदरचे पैसे घालूनच घ्याव्या लागतात, आणि खासगी डॉक्टर भीती दाखवून सगळ्याच टोचतील, ही शंकाही निराधार नाही. पण म्हणूनच सल्ला आधी हवा. प्रत्येक मुलाला प्रत्येक लस लागत नाही. कुठे जाणार, किती दिवस, आणि आधी काय दिले आहे, यावरून यादी ठरते. वेळेवर घेतलेला सल्ला ती यादी छोटीच करतो. निघण्याच्या आदल्या दिवशी घाबरून केलेली खरेदी तिला लांबवते.

वेळ हाच खरा मुद्दा आहे. लसीचा परिणाम होण्यास साधारण दोन आठवडे लागतात, पीतज्वराचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य ठरते, काही लसींना दोन डोस लागतात. म्हणून निघण्याआधी चार ते सहा आठवड्यांची मुदत हाताशी हवी. सरकारचा वाटाही आहे. पीतज्वराची लस सरकारी केंद्रांत मिळते, त्याच केंद्रांत मुलांसाठी प्रवास-सल्ला का मिळू नये? यू-विन या लसीकरण पोर्टलवर सरकारी लसींची नोंद होते. खासगी दवाखान्यातल्या डोसांची नोंदही तिथे सक्तीने झाली तर परदेशातल्या डॉक्टरला एका क्यूआर कोडवर मुलाचा सारा इतिहास दिसेल. तोवर जबाबदारी पालकांचीच. यंदा तिकीट काढाल त्याच आठवड्यात लसीकरणाचे कार्ड काढा, मुलाचे वजन करा आणि बालरोगतज्ज्ञाची वेळ घ्या. व्हिसाचा अर्ज दोन दिवस उशिरा भरला तरी चालेल.