चौकटीवर नाव कोणाचे?

युरोपात छपाई आली आणि माणसे समान झाली, असे आपल्यातले काही अभ्यासू मित्र सांगतात. तिथल्या छापील व्यक्तिचित्रांचा इतिहास पाहिला की आम्हाला हे पटत नाही.

तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने चेहरा उलटा कोरायचा, रेघांत शाई भरायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. तैलचित्र हवेलीत राही, हे चित्र बाजारात मिळे. चेहरा स्वस्त झाला. प्रतिष्ठा स्वस्त झाली का?

1769 साली जेम्स ग्रेंजर या इंग्रज पाद्र्याने अशा चित्रांच्या आधारे चरित्रग्रंथ काढला आणि त्यात माणसांचे बारा वर्ग पाडले. पहिल्यात राजघराणे, मग मोठे अधिकारी, सरदार, बिशप. कवी आणि वैद्य नवव्या वर्गात. चित्रकार, कारागीर दहाव्यात, म्हणजे चेहरे घडवणारे हात दहाव्या पायरीवर! राजघराण्याबाहेरच्या स्त्रिया अकराव्यात, तिथेही दर्जानुसार. बाराव्यात तळातली माणसे: कोणी खूप वर्षे जगला म्हणून, कोणाचे शरीर वेगळे म्हणून, कोणी गुन्हेगार म्हणून. ही आपल्यासारखी जन्माने कायमची बंद केलेली जात नव्हती, हे खरे. पण बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिची ओळख पटायला आम्हाला वेळ लागला नाही.

चारच वर्षांनी, 1773 मध्ये, फिलिस व्हीटली यांचा कवितासंग्रह लंडनमध्ये निघाला. आफ्रिकेतून लहानपणी पळवून आणून बोस्टनमध्ये विकलेली ही मुलगी. फिलिस हे नाव गुलामांच्या जहाजाचे, आडनाव मालकाचे. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांचे कोरीव चित्र आहे: टेबलाशी बसलेल्या, हातात लेखणी, नजर विचारात. आणि भोवतीच्या लंबगोल चौकटीवर कोरले आहे की या बोस्टनच्या जॉन व्हीटली यांच्या नोकर. लेखणी त्यांची, चौकट मालकाची.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: चित्रात कोण आहे हे पाहून थांबू नका. कोणत्या क्रमाने आहे, किती मोठे आहे, खाली काय लिहिले आहे, तेही वाचा.

आणि हाच डोळा आपल्या जयंतीच्या फ्लेक्सकडेही वळवा. पुढाऱ्यांचे चेहरे पदानुसार लहानमोठे, वस्तीत रात्रंदिवस राबणाऱ्या बाया कोपऱ्यात, नाहीतर "अमुक यांच्या पत्नी" म्हणून. बाबासाहेबांच्या फोटोखाली आपणच ग्रेंजरची शिडी उभी करायची का? यंदाचा फ्लेक्स छापायला देण्यापूर्वी हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत विचारा.

जय भीम!