घरसंसार : दणका नको, शब्द हवा



एके काळी आपल्या चाळीत, वस्तीत एखाद्याच घरी टी.व्ही. असे आणि रविवारचा सिनेमा पाहायला सारी आळी त्या एका खोलीत जमे. आज बहुतेक घरांत भिंतीवर मोठा, पातळ टी.व्ही. लागला आहे. पण घरोघरी तक्रार एकच : चित्र मोठे झाले, बोललेले मात्र कळत नाही. आजी विचारते, "काय म्हणाला गं तो?" मग कोणीतरी आवाज वाढवतो. तेवढ्यात मारामारी किंवा गाणे सुरू होते आणि शेजारच्या घरातले तान्हे बाळ दचकून उठते. यावर उपाय म्हणून घरातला तरुण मुलगा म्हणतो, "आपण वायरलेस होम थिएटर घेऊ या." बोनसचे पैसे हातात येण्याच्या सुमारास हा विषय हमखास निघतो. म्हणून या वेळी त्याचाच विचार करू.

आधी दोष कुठे आहे ते समजून घेऊ. जुन्या खोक्यासारख्या टी.व्ही.त स्पीकरला जागा होती. आताचा संच बोटभर जाडीचा असतो. त्यातले स्पीकर लहान आणि पुष्कळदा तोंड खाली किंवा मागे केलेले असतात. आवाज आपल्याकडे सरळ येत नाही, भिंतीवर आपटून येतो. शिवाय आजचे बरेच सिनेमे '५.१' पद्धतीच्या आवाजात तयार होतात. म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, पाठीमागे दोन, असे पाच, आणि '.१' म्हणजे ढोल, स्फोट, गडगडाट यांचा खर्ज काढणारा सबवूफर. माणसांचे बोलणे मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असते. हे सहा हिस्से टी.व्ही.च्या दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबले की संवाद संगीताखाली दबतात. तेव्हा आजीचे कान उगाच बदनाम होऊ नयेत!

यावरून खरेदीचे पहिले सूत्र निघते : आपल्याला आधी मधला आवाज हवा, म्हणजे स्वच्छ शब्द. पाठीमागचे स्पीकर आणि दणका हे त्यानंतरचे.

आता 'वायरलेस' या शब्दाकडे वळू. वायरलेस म्हणजे आवाज वायरीतून न जाता लहरींतून जातो, एवढेच. विजेची वायर प्रत्येक डब्याला लागतेच. साउंडबारला एक प्लग, सबवूफरला एक. पाठीमागच्या दोन स्पीकरना काही संचांत वेगवेगळे प्लग लागतात. काहींत मागे एक लहान पेटी ठेवून तिच्यापासून दोन्ही स्पीकरना वायर न्यावी लागते. बॅटरीवर चालणारे स्पीकरही मिळतात, पण ते आठवणीने चार्ज करावे लागतात. यात टी.व्ही., सेट टॉप बॉक्स आणि मोबाइलचे चार्जर मिळवा. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातले बोर्ड मोजा. एका एक्स्टेन्शनला दुसरे एक्स्टेन्शन लावून काम भागवू नका. जुनी वायरिंग असलेल्या चाळीत आवाजाच्या हौसेपायी आग ओढवून घेणे परवडणारे नाही.

दुसरा गैरसमज ब्लूटूथचा. फोनवरची भीमगीते किंवा सकाळची बुद्धवंदना लावायला ब्लूटूथ उत्तम. सिनेमाला मात्र त्यात दोन अडचणी आहेत. एक, नेहमीच्या ब्लूटूथवर आवाजाचे दोनच हिस्से जातात, सहा नव्हे. दोन, आवाज किंचित उशिरा पोहोचतो. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. म्हणून टी.व्ही. आणि साउंडबार यांच्यामध्ये एक एचडीएमआय वायर टाकावी. टी.व्ही.च्या मागे ज्या खाचेवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेले असेल, तिथेच ती लावायची. टी.व्ही. जुना असून ती खाच नसेल, तर ऑप्टिकल वायरीची खाच आहे का ते पाहा. समोर एक वायर, आणि सबवूफर व मागचे स्पीकर तेवढे वायरलेस, ही मांडणी बहुतेक घरांना सोयीची पडते.

आता खोली. आपल्यापैकी अनेकांचा हॉल दहा फूट बाय बारा-चौदा फुटांचा. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार झाले. त्यांपैकी वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना २०२५ साली ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नव्या घरात नवी वस्तू यावी असे वाटणे अगदी साहजिक आहे. पण हॉल तेव्हाही मोजूनच घ्यावा. पाठीमागच्या स्पीकरसाठी बसणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला थोडी मोकळी जागा लागते. आपल्याकडे सोफा किंवा दिवाण भिंतीला टेकलेला असतो. मग मागचे स्पीकर अगदी कानाशी येतात किंवा कपाटाआड जातात, आणि त्यांच्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

म्हणून निवडीचा साधा हिशेब असा. खोली लहान, दिवाण भिंतीला टेकलेला आणि घरात मुख्यतः मालिका, बातम्या, जुने सिनेमे चालत असतील, तर मधला स्पीकर असलेला साउंडबार पुरे. दुकानदाराच्या भाषेत तो ३.० किंवा ३.१. हॉल जरा मोठा, बसण्यामागे दोन-तीन फूट जागा आणि घरातल्यांना नव्या सिनेमांची खरी आवड, तर ५.१ चा विचार करा. आणि केवळ गाणी ऐकायची असतील, तर दोन चांगले स्पीकर याहून स्वस्तात काम करतील. हेही लक्षात ठेवा की यूट्यूबवरची बहुतेक भाषणे, प्रवचने आणि जुन्या गायकांच्या ध्वनिफिती दोनच हिश्शांत, कित्येकदा एकाच हिश्शात ध्वनिमुद्रित आहेत. सहा डबे लावले म्हणून मूळ आवाज सहापट होत नाही.

खोक्यावर छापलेल्या वॅटलाही भुलू नका. टू-इन-वनच्या जमान्यात 'पीएमपीओ'चे हजारो वॅट छापून गिऱ्हाईक गटवले जात असे. तो आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा म्हणून फुगवलेला असे. सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा 'आरएमएस' या नावाने दिलेला असतो. तो विचारा. तोही सगळ्या डब्यांची बेरीज असू शकतो. दहा-बारा फुटांच्या खोलीत वॅटपेक्षा स्वच्छपणा मोलाचा.

दुकानात विक्रेता नेहमी विमानांचा, स्फोटांचा तुकडा लावून दाखवतो. तो पाहून छाती दडपते आणि हात खिशाकडे जातो. आपण आपला सिनेमा सांगावा. जब्बार पटेल यांचा २००० सालचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' किंवा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' लावायला सांगा आणि आवाज कमी ठेवून प्रत्येक शब्द कळतो का ते ऐका. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थबकते. तिथे दणका नाही, पण दुरून येणाऱ्या त्या आवाजातच सारा प्रसंग आहे. तो आवाज दूरचा वाटला आणि जवळचे बोलणे जवळचे वाटले, तर संच चांगला. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या. संवाद कळतात की नाही, हा निर्णय त्यांचा.

पैशाची गोष्ट आता स्पष्ट बोलू. 'बिनव्याजी हप्ते' ही पाटी मोठी गोड असते. पण शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी लपलेले असते : न मिळालेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात. उदाहरणार्थ, एखादा संच हप्त्याने २४,००० रुपयांना आणि रोखीने २१,५०० रुपयांना मिळत असेल, आणि शुल्क ५०० रुपये असेल, तर हप्त्याची खरी किंमत ३,००० रुपये झाली. दुकानात म्हणूनच दोन प्रश्न विचारा : रोखीचा भाव काय? आणि एक हप्ता चुकला तर दंड किती?

तथागतांनी कोलिय कुळातील दीघजाणू या गृहस्थाला संसारी माणसाच्या सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या. अंगुत्तर निकायात त्या आल्या आहेत. त्यांतली एक समजीविता, म्हणजे आवक-जावक ओळखून, ना उधळपट्टी ना कंजुषी, असे जगणे. या उपदेशात मौजेला मनाई नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाने घरच्यांसोबत सुखाने सिनेमा पाहावा, यात गैर काहीच नाही. मात्र मुलीच्या कॉलेजची फी आणि घरातली औषधे बाजूला काढून उरलेल्या पैशांतच ही मौज बसवावी.

पावती पक्की घ्या, वॉरंटीच्या कागदावर तारीख व शिक्का पाहा आणि दुरुस्ती केंद्र आपल्या शहरात आहे का ते आधीच विचारा. मागचे स्पीकर वेगळे जोडता येतात का, हेही विचारा. येत असतील तर या वर्षी साउंडबार आणि पुढे सवडीने बाकीचे, असे टप्प्याने घेता येते. माल सदोष निघाला आणि दुकानदार दाद देईना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेण्यास फी लागत नाही. हक्क कागदावर आहे. तो वापरणे आपल्या हाती आहे.

शेवटी शेजारधर्म. खर्जाचा आवाज भिंत आणि फरशी ओलांडून जातो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर तो आणखी घुमतो. म्हणून तो सामाईक भिंतीपासून दूर ठेवा आणि खाली जाड रबर किंवा सतरंजीची घडी द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली असून निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बहुतेक साउंडबारमध्ये 'नाइट मोड' असतो. तो लावला की दणके दबतात आणि हळू बोलणे वर येते. विकत घेताना ही सोय आहे का ते जरूर पाहा.

आणि शेजाऱ्याइतकाच विचार घरातल्या घरात हवा. आपल्या हॉलमध्येच दहावीची मुलगी अभ्यास करते, रात्रपाळीहून आलेला भाऊ तिथेच पाठ टेकतो. संच घरी आला की पहिल्याच दिवशी सर्वांनी बसून वेळ ठरवावी : अभ्यासाची कोणती आणि सिनेमाची कोणती. पुस्तक उघडले की रिमोट बंद, हा नियम भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल.

जयभीम! नमो बुद्धाय!